बघण्याचे वेगळे पैसे

अमेरिकेत डॉक्टरकडे जाऊन आलं की आठ-दहा दिवसांनी इन्शुरन्स कंपनीचं एक पत्र येतं. वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की हे बिल नाही. खाली मात्र बिलात असतं ते सगळं असतं: तारीख, डॉक्टरांनी मागितलेले पैसे, कंपनीने मान्य केलेले पैसे, त्यातले कंपनी देणार किती आणि तुम्ही देणार किती. नवीन आलेला माणूस आकडे बघून घाबरतो, मग वरचं वाक्य वाचून सुखावतो आणि तीन आठवड्यांनी खरं बिल आलं की पुन्हा घाबरतो. विद्यार्थी असताना आम्ही विद्यापीठाच्या दवाखान्यात जायचो, तेव्हा यातलं काही कळायची गरज पडली नाही. नोकरी लागली, "चांगला" इन्शुरन्स मिळाला, आणि मग या विषयातलं माझं शिक्षण सुरू झालं. पीएच.डी.ला लागली त्यापेक्षा जास्त वर्षं या शिक्षणात गेली आहेत आणि पदवी अजून दृष्टिपथात नाही.

गेल्या वर्षी दीड महिन्याच्या अंतराने असे दोन कागद घरी आले. एक आईच्या कानाचा, दुसरा माझ्या खांद्यावरच्या तिळाचा. दोन्ही कागदांवर एका कामाच्या दोन ओळी होत्या: एक डॉक्टरांनी बघितलं त्याची, आणि एक त्यांनी केलं त्याची. यातली एक ओळ चूक होती आणि एक बरोबर. चूक कोणती आणि बरोबर कोणती हे कळायला मला जे वाचावं लागलं, ते आज सांगायचं आहे. विषय रुक्ष आहे, पण इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे, आणि तिकडेही आता पॅकेज, कॅशलेस वगैरे शब्द घराघरांत गेलेत, तेव्हा अगदीच परका वाटू नये.

आधी आईचं. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. विमानातून उतरल्यापासून तिचा उजवा कान बंद होता. "विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतंय रे," असं चार दिवस म्हणत होती. तेल घालून झालं, वाफ घेऊन झाली. शेवटी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी कानात बघितलं, मळ घट्ट बसलाय म्हणाल्या, आणि बारीक चमच्यासारख्या हत्याराने काढून दिला. दहा मिनिटांत काम झालं. आई खूष, बाईही छान बोलक्या. मग बिल आलं. पहिली ओळ: ऑफिस व्हिजिट, नवीन पेशंट, १८५ डॉलर. दुसरी ओळ: कानातला मळ काढणे, ११० डॉलर. पाहुण्यांसाठी घेतलेल्या पॉलिसीत पहिले अडीचशे डॉलर आपले असतात, त्यामुळे जवळजवळ सगळं आमच्याच खिशातून जाणार होतं.

आईने चष्मा लावून तो कागद वाचला. तिने आयुष्यभर सहकारी बँकेत नोकरी केली आहे, कागदावरची प्रत्येक ओळ कसली हे तिला कळावं लागतं.

"ही पहिली ओळ कसली रे? केसपेपरची?"

"नाही. बघण्याची."

"आणि दुसरी?"

"काढण्याची."

"म्हणजे ती न बघताच काढणार होती की काय?"

मी हसलो, पण नंतर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आईने विचारलेला प्रश्न हा इथल्या मेडिकल बिलिंगमधला एक जुना प्रश्न आहे. त्यावर डॉक्टर, इन्शुरन्स कंपन्या आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. आणि सरकारी उत्तर बरंचसं आईच्या बाजूचं आहे.

इथे डॉक्टरच्या प्रत्येक कामाला पाच आकडी नंबर असतो. या नंबरांच्या यादीला सीपीटी म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने ती १९६६ साली पहिल्यांदा काढली आणि तिचा कॉपीराइट आजही त्यांच्याकडेच आहे. (म्हणजे सरकारी योजनेचं बिलसुद्धा एका खासगी संघटनेच्या मालकीच्या भाषेत लिहावं लागतं. असो.) कानातला घट्ट मळ हत्याराने काढला तर ६९२१०, पाण्याच्या पिचकारीने काढला तर ६९२०९. गळू फोडून पू काढला तर १००६०. त्वचेचा पातळ पापुद्रा काढून तपासायला पाठवला तर १११०२. आणि नुसतं बघितलं, विचारलं, सल्ला दिला तर ९९ पासून सुरू होणारे नंबर: नवीन पेशंट असेल तर ९९२०२ ते ९९२०५, जुना असेल तर ९९२११ ते ९९२१५. नंबर जितका मोठा तितकं काम गुंतागुंतीचं आणि तितके पैसे जास्त. तीन वर्षांत त्या डॉक्टरकडे, किंवा त्याच ग्रुपमधल्या त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला नसाल तर तुम्ही नवीन.

आता गंमत अशी की हे "काम" किती हे ठरवलं कसं? १९९२ च्या आधी मेडिकेअर ही म्हाताऱ्या माणसांची सरकारी विमा योजना डॉक्टर नेहमी काय घेतात आणि त्या भागात काय दर चालतो, यावरून पैसे द्यायची. साहजिकच ऑपरेशनच्या पैशांत काय काय धरायचं हेही भागाभागांत वेगळं होतं. हार्वर्डमधल्या विल्यम शिआव या अर्थशास्त्रज्ञाच्या चमूने १९८० च्या दशकात डॉक्टरी कामाचं मोजमाप करायचा घाट घातला. काम म्हणजे त्यांनी काय धरलं? लागणारा वेळ, डोक्याला होणारा त्रास, हातातलं कसब आणि मेहनत, आणि चुकलं तर काय या काळजीचं ओझं. एका शाखेतल्या डॉक्टरांना सांगायचं, हे एक ओळखीचं काम शंभर धरा. आता बाकीची कामं त्याच्या मानाने किती ते सांगा. मी स्वतः मोजमापाच्या धंद्यातला. माझं अर्धं आयुष्य सेन्सरच्या चुका मोजण्यात जातंय, त्यामुळे माणसाच्या मताला मोजपट्टी लावलेली बघितली की माझ्या भुवया आपोआप वर जातात. पण प्रामाणिकपणे सांगतो, प्रत्येक डॉक्टर मागेल तो आकडा खरा मानण्यापेक्षा हे कितीतरी बरं. १९८९ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून मेडिकेअर या पद्धतीने पैसे द्यायला लागलं. प्रत्येक नंबराला गुण, आणि एका गुणाला अमुक डॉलर. १९९२ मध्ये हा भाव ३१ डॉलर होता, २०२५ मध्ये ३२.३५ डॉलर. तेहतीस वर्षांत दीड डॉलरचीही वाढ नाही! मधल्या काळात कामांचे गुणही बदलले, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, पण इथले डॉक्टर एकेका ओळीसाठी का झगडतात ते यावरून थोडं कळतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर या गुणांच्या पोटात आहे. शिआव यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेच्या कामाचे तीन भाग पाडले: आधीचं, प्रत्यक्ष आणि नंतरचं. पेशंटला बघणं, काय करणार ते समजावणं, त्याची संमती घेणं, हात धुऊन तयारी करणं हे आधीचं. टाके बघणं, पट्टी बदलणं हे नंतरचं. हे सगळं मिळून त्या कामाची किंमत. म्हणजेच पॅकेज. आपल्याकडे आयुष्मान भारतच्या पॅकेजात भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस धरतात, तीच ही जात. इथे पॅकेजं तीन प्रकारची आहेत. ज्यांच्यात नंतरचा एकही दिवस धरलेला नाही ती शून्य दिवसांची, मग दहा दिवसांची आणि नव्वद दिवसांची. शून्य आणि दहावाली छोटी शस्त्रक्रिया, नव्वदवाली मोठी. कानातला मळ, तिळाचा तुकडा काढणं, गुडघ्यात इंजेक्शन देणं ही शून्यवाली. चामखीळ जाळणं आणि गळू फोडणं दहावाली. (कानातला मळ काढण्याला शस्त्रक्रिया म्हणतात हे आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिने साताऱ्याला फोन करून सगळ्यांना कळवलं असतं.)

आणि मेडिकेअरचा नियम असा: छोटी शस्त्रक्रिया ज्या दिवशी केली, त्या दिवशी ती करायची की नाही हे ठरवण्यासाठी जे बघितलं त्याचे पैसे शस्त्रक्रियेच्या किमतीत आलेले आहेत, वेगळे मागायचे नाहीत. पेशंट नवीन आहे, एवढं एकच कारण पुरेसं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेचं मात्र उलट आहे. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला तपासून अपेंडिक्स आजच काढायचं असं सर्जनने ठरवलं, तर त्या ठरवण्याचे पैसे वेगळे मिळतात, फक्त नंबरामागे ५७ हे शेपूट जोडावं लागतं. हे मला पटतं. पोट कापायचं की नाही हे ठरवणं हेच एक मोठं काम आहे. कानातला मळ दिसला की काढायचा, त्यात ठरवण्यासारखं फार काही नसतं.

पण नियम म्हटला की पळवाट आली, आणि रास्त अपवादही आला. दोघांचं दार इथे एकच आहे. त्या दाराचं नाव २५. छोट्या शस्त्रक्रियेच्याच दिवशी त्याच डॉक्टरने "लक्षणीय आणि वेगळी ओळखता येईल अशी" तपासणी केली असेल, तर तपासणीच्या नंबरामागे २५ जोडायचे आणि दोन्हीचे पैसे मागायचे. लक्षणीय म्हणजे किती? वेगळी म्हणजे कशी? आजार वेगळाच असला पाहिजे असंही नाही. सरकारी पुस्तिकेतलं एक उदाहरण मला फार आवडलं. डोक्याला खोक पडलेला नवीन पेशंट आला. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी विचारली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारलं, संमती घेतली आणि टाके घातले. बघण्याचे वेगळे पैसे नाहीत. पण डोक्याला मार लागलाय म्हणून गरजेपोटी मेंदूची आणि मज्जासंस्थेची पूर्ण तपासणीही केली, तर ते काम खोक शिवण्याच्या पलीकडचं झालं. त्याचे वेगळे पैसे मागता येतात. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्यांना हे लगेच कळेल. गणित सोडवायच्या आधी सिस्टीमची सीमा कुठे आखायची ते ठरवावं लागतं, आणि निम्मी भांडणं गणिताची नसतात, त्या रेघेची असतात.

एवढा अभ्यास झाल्यावर मी दवाखान्याच्या बिलिंग ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई सौजन्याने म्हणाल्या, "नवीन पेशंट आहे, त्यामुळे व्हिजिट लागतेच." मी म्हटलं, नवीन असणं पुरेसं नाही असं नियमातच लिहिलंय. त्या म्हणाल्या, ते मेडिकेअरचं; तुमची आई मेडिकेअरची नाही. हे खरं होतं. पण बऱ्याच खासगी कंपन्याही मेडिकेअरच्या मागोमाग जातात. मी म्हटलं, ठीक, पण २५ लावलंय म्हणजे वेगळी तपासणी झाली असं तुम्ही लिहून दिलंय. ती कसली झाली ते डॉक्टरांच्या नोंदीत दाखवा. आईच्या नावाने नोंद मागवून घेतली होती, ती माझ्या पुढ्यात होती. चार ओळी. उजव्या कानात घट्ट मळ, हत्याराने काढला, पडदा शाबूत, पेशंटला बरं वाटलं. त्यात रक्तदाबाचा किंवा चक्करचा उल्लेख नव्हता, डाव्या कानाचंसुद्धा काही नव्हतं.

बाईंनी प्रकरण "कोडिंगच्या फेरतपासणीला" पाठवलं. तीन आठवड्यांनी नवा कागद आला. एकच ओळ, ११० डॉलर. सोबत ना पत्र, ना खुलासा. आई म्हणाली, "बघ, चूक होती म्हणूनच गुपचूप काढली." बँकेतल्या माणसाला हे बरोबर कळतं.

इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सीपीटीच्या पुस्तकातली पॅकेजची व्याख्या आणि मेडिकेअरची व्याख्या सारखी नाही. सीपीटी म्हणतं, शस्त्रक्रिया करायचं ठरल्यानंतरची त्या दिवशीची किंवा आदल्या दिवशीची तपासणी पॅकेजात. "ठरल्यानंतरची" या शब्दावर बोट ठेवून कोणी म्हणू शकतो की ठरवण्यासाठी केलेली तपासणी पॅकेजाच्या बाहेर. मेडिकेअर म्हणतं, छोट्या शस्त्रक्रियेत ठरवणंही आतच. एकाच नंबराची दोन पुस्तकं आणि दोघांत एका शब्दाचा फरक. त्यामुळे दोन ओळी लावणारा प्रत्येक दवाखाना लबाड असतो असं मी म्हणणार नाही. पण चार ओळींची नोंद कुठल्याच पुस्तकात "लक्षणीय" बसणार नाही हेही तितकंच खरं.

आता माझं. खांद्यामागे एक तीळ आहे, लहानपणापासूनचा. मला तो दिसत नाही, त्यामुळे त्याच्याशी माझा संबंध ऐकीव. बायको म्हणाली, त्याची एक कड वेडीवाकडी झालीय आणि रंगही दोन दिसतायत. त्वचाविकारतज्ज्ञाची वेळ मिळाली सात आठवड्यांनी. ते सात आठवडे मी इंटरनेटवर काय काय वाचलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी असं वाचलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी वाचू नये. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, म्हणाले बहुधा काही नाही, पण तुकडा तपासलेला बरा. टोचून बधिर केलं, पात्याने वरचा पापुद्रा काढला, बाटलीत टाकला. पट्टी लावत होते तेव्हा मी दोन्ही हात पुढे केले. आलोच आहे तर हेही बघा म्हटलं. बोटांच्या बेचक्यांत खाज, भेगा, दर हिवाळ्यात. त्यांनी बघितलं, लॅबमध्ये हातमोजे कुठले घालता विचारलं, साबण कुठला विचारलं, मोजे बदलायला सांगितले आणि एक स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. पाच-सहा मिनिटं.

तिळाचा रिपोर्ट यायच्या दोन दिवस आधी हिशोब आला. ९९२०३ आणि त्यामागे २५, १६८ डॉलर. १११०२ चे १३२. तुकडा तपासणाऱ्या लॅबचे वेगळे ७४. वर्षातला पहिला ठराविक खर्च आपणच करायचा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. माझा तो अजून भरला नव्हता, म्हणजे तिन्ही आकडे माझे. मला तर स्फुरणच चढलं. आईच्या कानावर मिळवलेला विजय ताजा होता. एप्रिल २०२१ पासून इथे केंद्र सरकारच्या नियमाने पेशंटला स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी विनाविलंब बघायला मिळतात, तेव्हा लगेच नोंद उतरवून घेतली आणि पेन घेऊन बसलो.

नोंद दोन परिच्छेदांची होती. पहिल्यात तीळ. दुसऱ्यात माझे हात: किती वर्षं, कधी वाढतं, हातमोजे, साबण, निदान, मलम, किती दिवस लावायचं. एकेक शब्द खरा होता. मग २०२१ पासून लागू झालेला तक्ता काढला. तेव्हापासून या तपासणीची पायरी डॉक्टरने किती अवयव तपासले यावरून ठरत नाही. डोक्याने किती काम केलं यावरून किंवा किती वेळ दिला यावरून ठरते. डोक्याच्या कामाचे तीन रकाने: दुखणं किती गुंतागुंतीचं, किती माहिती चाळावी लागली, आणि जोखीम किती. तीनपैकी दोन रकाने जुळले पाहिजेत. तिळाचा निर्णय पापुद्रा काढण्याच्या किमतीत गेला, तो मोजायचा नाही. उरले हात. साधं दुखणं, म्हणजे पहिला रकाना कमी. माहिती जवळजवळ काहीच नाही. पण चिठ्ठीवरचं औषध दिलं की जोखमीचा रकाना मध्यम. दोन रकाने निदान "कमी" पर्यंत पोचतात, म्हणून पायरी "कमी", म्हणून नवीन पेशंटला ९९२०३. मी तीनदा मांडलं, तिन्ही वेळा तेच आलं. बिल अगदी बरोबर होतं. फोन न करता पैसे भरले.

तेव्हा "आलोच आहे तर" या दोन-तीन शब्दांची किंमत १६८ डॉलर. आपल्याकडे हे वाक्य न बोलता दवाखान्यातून कोणी बाहेर पडत नाही. साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरकाकांकडे आई तापासाठी मला न्यायची आणि बाहेर पडेपर्यंत स्वतःची पाठ, बाबांची झोप आणि शेजारच्या काकूंचं औषध एवढं सगळं विचारून घ्यायची, एका फीमध्ये. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. काकांना दिवसाला शंभर पेशंट बघावे लागायचे आणि त्यांनी कोणाच्या पाठीला हात लावलेला मला आठवत नाही. इथल्या डॉक्टरांनी माझ्या हातांकडे नीट बघितलं, दर हिवाळ्याचं दुखणं थांबलं, आणि त्या पाच मिनिटांमागे त्यांचं दहा-बारा वर्षांचं शिक्षण होतं. ते पैसे त्यांनी कमावलेले आहेत असंच मला वाटतं. मला खटकतं ते दुसरंच. मी हात पुढे केले तेव्हा आमच्यातल्या कोणालाच मीटर दिसत नव्हतं. मला नाही, आणि डॉक्टरांनाही नाही. माझ्या इन्शुरन्सचा त्यांच्याशी काय दर ठरलाय, माझं डिडक्टिबल किती उरलंय, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने विमा नसलेल्या किंवा विमा न वापरणाऱ्या पेशंटला आधी अंदाजपत्रक द्यावं लागतं, आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर दाद मागता येते. विमा असलेल्यांना तसा आगाऊ हिशोब द्यायची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण तिची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

मोठ्या पातळीवर या २५ वरून जे चाललंय ते वाचताना मात्र आपला जीव कुणाच्या हातात आहे असं वाटून जातं. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २००५ मध्ये अहवाल दिला की २००२ साली मेडिकेअरने मान्य केलेल्या २५ वाल्या दाव्यांपैकी ३५ टक्के नियमात बसत नव्हते. चुकीने गेलेले पैसे ५३ कोटी ८० लाख डॉलर. तेव्हापासून कंपन्यांचा या आकड्यावर डोळा. अँथेम या मोठ्या विमा कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं की २५ लावलेल्या तपासणीचे निम्मेच पैसे देऊ. आरडाओरडा झाल्यावर कपात निम्म्याची पाव केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्ण मागे घेतली. त्याच वर्षी मेडिकेअरनेही तसाच प्रस्ताव आणला: एका दिवशी दोन्ही कामं असतील तर त्यातल्या स्वस्त कामाचे निम्मेच पैसे. तोही मागे पडला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की दोन्ही कामं एकत्र होतात तेव्हा वाचणारा वेळ गुण ठरवतानाच वजा केलेला असतो; आता पुन्हा कापाल तर आम्ही पेशंटला सांगू, तीळ आज, हात पुढच्या महिन्यात.

हे शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटतं, पण पेशंटच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे. वेगळ्या दिवशी बोलावलं तर रेघेचं भांडणच उरत नाही. दोन दिवस, दोन बिलं, सगळं नियमात. पेशंटने मात्र दोनदा रजा काढायची, दोनदा पैसे भरायचे आणि संशयित गाठ आणखी महिनाभर अंगावर बाळगायची.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे, ते फारसं कोणी बोलत नाही. दहा दिवसांच्या पॅकेजांच्या किमतीत शस्त्रक्रियेनंतर पेशंटला पुन्हा बघण्याचे पैसे बऱ्याचदा धरलेले असतात. रँड या संशोधन संस्थेने जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातले मेडिकेअरचे दावे तपासले, तेव्हा अशा शस्त्रक्रियांपैकी फक्त ४ टक्क्यांनंतर अशी एकतरी भेट झाल्याची नोंद सापडली. काही भेटी नोंदवायच्या राहिल्या असतील हे मान्य. तरी चामखीळ जाळून घेतलेला माणूस दहा दिवसांत पुन्हा दाखवायला किती वेळा जातो हे तुम्ही स्वतःलाच विचारा. म्हणजे आधी बघण्याचे पैसे एकदा आत आणि कधीकधी एकदा बाहेर, आणि नंतर न बघण्याचेही आत. आमच्याकडे एका उपकरणाचं रीडिंग असं आलं असतं तर आधी ते कॅलिब्रेशनला पाठवलं असतं.

तिळाचा रिपोर्ट चांगला आला. पेशींत थोडा बदल आहे, कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आता या महिन्यात ते सहा महिने भरले, म्हणून परवा वेळ घ्यायला फोन केला. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, "फक्त तीळ दाखवायचाय, की आणखी काही?" आता मला माहीत होतं की हा प्रश्न केवळ आपुलकीचा नाही, वीस मिनिटांची वेळ द्यायची की दहा, आणि पुढे कागदावर किती ओळी येतील, त्याचीही ही सुरुवात आहे. मी जरा थांबलो. डाव्या अंगठ्याच्या नखात गेल्या काही महिन्यांत एक बारीक काळी रेघ उठली आहे. बहुतेक काही नसेल. आपल्या रंगाच्या माणसांना अशा रेघा असतात म्हणे.

"फक्त तीळ," मी म्हटलं.

"आणि ते नखाचं?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "विचारणार होतास ना?"

मुलगी फोनवर थांबली होती. नखाचंही लिहून घ्या, मी सांगितलं.